पांढरा-केशरी कोई फायटर सात महिन्यांत निळा: एका माशाचे प्रकरण

मासा: कोई प्लाकट नर, म्हणजे आखूड परांचा फायटर (बेटा). विकत घेतला तेव्हा वय साधारण चार महिने, शेपटी सोडून लांबी साडेतीन सेंटिमीटर. अंगाचा पाया दुधी पांढरा, पाठीवर आणि शेपटीच्या मुळाशी केशरी-तांबडे डाग, डोक्याजवळ दोन-तीन काळे ठिपके.

टाकी: पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बैठकीच्या खोलीत, 18 लिटर पाणी, स्पंज फिल्टर, 25 वॅटचा हीटर, तळाला बारीक काळी वाळू, अनुबियास या पाणवनस्पतीची दोन रोपे.

तक्रार: सात महिन्यांत मासा जवळपास पूर्ण गडद निळा झाला. घरच्यांच्या शंका तीन. मासा आजारी आहे का? दुकानदाराने रंग टोचलेला मासा दिला का? पाणी वाईट आहे का?

हे प्रकरण नमुन्यादाखल मांडले आहे. अशा तक्रारींत जो क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, तोच एका माशावर आणि एका टाकीवर बसवला आहे. रंग बदलल्याने या माशाला काहीही झाले नव्हते. त्याला त्रास झाला तो रंग थांबवण्यासाठी केलेल्या उपचारांचा, म्हणून खाली त्या उपचारांवर जास्त लिहिले आहे.

बदल कसा झाला

पहिल्या महिन्यात पाठीच्या पराच्या मुळाशी मिऱ्याच्या कणांएवढे काळे ठिपके उमटले आणि शेपटीची कड धुरकट झाली. तिसऱ्या महिन्यापर्यंत ठिपके एकमेकांना मिळाले. त्या काळ्या भागावर टॉर्च धरला की निळी चमक दिसू लागली. पाचव्या महिन्यात उजवी बाजू दोन तृतीयांश निळी होती, डावी मात्र निम्मीच. सातव्या महिन्यात तोंडाचा पुढचा भाग आणि पोटाखालचे दोन लांब पर सोडले तर पांढरे काही उरले नव्हते. तांबडा रंग फक्त खालच्या पराच्या मागच्या टोकाला राहिला.

दोन्ही बाजूंचा हा फरक निदानासाठी मोलाचा आहे. पाणी, खाद्य किंवा प्रकाश यांमुळे रंग बदलला असता तर तो दोन्ही बाजूंना सारखाच बदलला असता. इथे प्रत्येक डाग आपल्या जागेवरून, आपल्या गतीने वाढत होता. म्हणजे कारण त्वचेतल्या रंगपेशींत होते.

कारण: मार्बल वाण

कोई, गॅलेक्सी कोई, निमो, कँडी ही बाजारातली नावे वेगवेगळी असली तरी या सगळ्या फायटरांच्या मुळाशी मार्बल हा एकच गुण आहे. तो पहिल्यांदा पुढे आला अमेरिकेत. इंडियाना राज्याच्या तुरुंगात ऑर्व्हिल गली नावाचा कैदी काळ्या फायटरांची पैदास करत होता. त्याच्या पिल्लांत ठिगळांसारख्या रंगाचे मासे निघाले आणि तिथून ते हौशी प्रजननकारांपर्यंत पोचले. आजचे कोई वाण मुख्यतः थायलंडमध्ये निवडीतून घडले. तिथे फायटरला ‘प्ला-कट’ म्हणतात आणि 2019 पासून तो त्या देशाचा राष्ट्रीय जलचर आहे. मुंबई-पुण्याच्या दुकानांत मिळणारे कोई एक तर थायलंडहून आलेले असतात किंवा चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणच्या पैदाशीचे.

मार्बल माशाचा रंग स्थिर राहत नाही. प्रजननकार आणि अभ्यासक याचे कारण जनुकांत जागा बदलणाऱ्या खंडांत पाहतात. असे खंड बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांवरून शोधले आणि 1983 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. खंड रंगाच्या जनुकात जाऊन बसला की ती पेशी रंग बनवत नाही, निघून गेला की पुन्हा बनवू लागते. एका पेशीत असे झाले की तिच्यापासून तयार होणाऱ्या सगळ्या पेशी तसाच रंग घेतात. म्हणून ठिपका एका जागी सुरू होतो आणि पसरत जातो.

आता निळाच का? फायटरच्या त्वचेत पिवळ्या, तांबड्या आणि काळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात आणि सर्वांत वर चमक देणाऱ्या पेशींचा थर असतो. या वरच्या थरात निळे रंगद्रव्य नसतेच. तिथे ग्वानिनचे पातळ स्फटिक असतात आणि त्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश आपल्याला निळा किंवा हिरवट दिसतो. ही चमक खुलते ती खाली काळा असेल तेव्हा. पांढऱ्या कातडीवर तीच चमक जेमतेम फिकट झाक देते. या माशात आधी काळा परतला, मग त्यावर निळा खुलला. तांबडे डाग बहुतेक ठिकाणी गेले नव्हते, ते झाकले गेले होते. तांबड्या भागावर बाजूने पिवळसर टॉर्च धरला तर खालचा लालसरपणा अजून दिसत होता.

यात वयाचाही भाग आहे आणि तो मार्बल नसलेल्या माशांनाही लागू पडतो. अंड्यातून बाहेर आल्यावर पिल्लू जवळजवळ पारदर्शक असते. पुढे अंगावर आडव्या गडद रेघा येतात, पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास रंगाची पहिली खूण दिसते आणि आठ ते दहा आठवड्यांत नर-मादी ओळखू येऊ लागतात. दुकानात नर येतो तो तीन-चार महिन्यांचा, म्हणजे वाढीच्या मधल्या टप्प्यावर. त्यानंतर अंग भरते, डोके रुंद होते, कल्ल्यांखालची ‘दाढी’ मोठी होते आणि वरची चमक पाठीकडून पोटाकडे, पुढे परांवर पसरत जाते. लाल म्हणून घेतलेल्या फायटरच्या परांत वर्षभराने निळ्या रेघा दिसतात त्या याच कारणाने. लांब परांच्या हाफमूनमध्ये परांच्या काड्यांना फाटे फुटत राहतात, पर जड होतात आणि मासा ते ओढून थकतो किंवा स्वतःच शेपूट चावतो. ड्रॅगन वाणात जाड रुपेरी खवले डोक्यावर सरकतात आणि काही माशांच्या डोळ्यांवर पडदा चढून दृष्टी जाते. त्यावर औषध नाही. अशा माशाला रोज एकाच कोपऱ्यात, काचेवर बोटाने टकटक करून खाद्य द्यायचे, तो जागा शिकतो.

आजार नाही हे कसे ठरवले

रंग बाजूला ठेवून आधी वागणे पाहिले. मासा खाद्याला पुढे येत होता, आरसा दाखवला की कल्ले फुलवून पर पूर्ण उघडत होता, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधत होता. रंगासोबत आजार असता तर यातले एक तरी आधी बंद पडले असते.

मग त्वचा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च बाजूने, तिरका धरून डोके आणि पाठ पाहिली. व्हेल्वेट या परजीवी रोगात अंगावर सोनेरी-तांबूस पूड पडल्यासारखी दिसते, मासा पर मिटून घेतो आणि पानांना, वाळूला अंग घासतो. निळ्या माशावर ही पूड नुसत्या नजरेला दिसत नाही, म्हणून टॉर्चची पायरी वगळू नये. इथे पूड नव्हती. पांढऱ्या दाण्यांचा इक रोग ओळखायला सोपा, कारण अर्धा ते एक मिलिमीटरचे दाणे त्वचेवर उठलेले असतात. कॉल्युम्नारिस या जिवाणूरोगात पाठीवर राखाडी-पांढरट पट्टा येतो, त्याची कड अस्पष्ट आणि किंचित बुरशीसारखी असते आणि तो काही दिवसांतच, कधी काही तासांतही वाढतो. उबदार पाण्यात हा रोग जास्त वेगाने पसरतो, त्यामुळे इकसाठी करतात तसे तापमान वाढवण्याची चूक इथे करू नये. या माशाचा रंग उलट दिशेने, फिकटाकडून गडदाकडे गेला होता. त्याच्या डागांच्या कडा खवल्यांच्या कडांना धरून होत्या, खवला सपाट आणि चकचकीत होता. खवले उचललेले असते किंवा त्यांखाली गाठ असती तर विचार वेगळा करावा लागला असता.

सर्वांत जास्त गोंधळ झाला तो परांच्या काळ्या कडेमुळे. घरच्यांनी ती परकुज समजली. फरक एकाच मोजमापात कळतो. कुजणारा पर आखूड होत जातो, कड ओबडधोबड होते आणि टोकाला काळपट किंवा लालसर रेघ मागे मागे सरकते. रंग बदलणाऱ्या पराची लांबी तीच राहते, कड गुळगुळीत असते आणि काळा भाग आत सरकतो. दहा दिवसांच्या अंतराने काढलेल्या दोन फोटोंत शेपटीच्या काड्या टोकापर्यंत मोजल्या तर शंका उरत नाही. फाटलेला पर नव्याने वाढताना आधी पारदर्शक येतो आणि मग रंग धरतो. मार्बलमध्ये हा नवा रंग जुन्यापेक्षा वेगळाही असू शकतो.

घाबरल्यावर येणारा फिकेपणाही तपासला. पाणी बदलल्यावर किंवा जागा हलवल्यावर फायटर काही मिनिटांत फिकट पडतो आणि अंगावर आडव्या रेघा येतात, विशेषतः माद्यांमध्ये. उभे पट्टे मात्र प्रजननाला तयार मादीचे. पेशीतले काळे कण आत-बाहेर सरकल्याने हे होते आणि काही तासांत पूर्ववत होते. काळ्या वाळूवर मासा जरा गडद दिसतो तोही याच कारणाने. वाळूवर आठवडाभर पांढरा ताव पसरूनही या माशाचे काळे डाग तसेच राहिले.

रंग टोचल्याची शंका समजण्यासारखी आहे, कारण काचमाशांना असा रंग टोचून विकल्याची उदाहरणे आहेत. पण टोचलेला रंग हळूहळू उडतो आणि खाली मूळ मासा दिसतो. त्याच्या जागी नवा, आणखी गडद, चमकणारा रंग येत नाही. मासा बदलला गेला नाही हेही पक्के करता आले. खरेदीच्या दिवशीच्या फोटोत डाव्या बाजूला कल्ल्यामागे एक खवला वाकडा होता, तो सातव्या महिन्यातही तिथेच होता.

बिघाड कुठे झाला

तिसऱ्या महिन्यात काळे ठिपके वाढताना पाहून घरच्यांनी ‘बुरशी’ समजून मुख्य टाकीतच उपचार केले. 18 लिटर पाण्यात 50 ग्रॅम जाडे मीठ घातले, म्हणजे लिटरला सुमारे 2.8 ग्रॅम. बाष्पीभवनाने पाणी उतरल्यावर दोनदा भर टाकताना प्रत्येक वेळी आणखी 10 ग्रॅम. पाणी उडून जाते, मीठ मागेच राहते. त्यामुळे दोन आठवड्यांत प्रमाण लिटरला 3.9 ग्रॅमवर गेले. उडालेल्या पाण्याची भर नेहमी साध्या पाण्याने करायची. मीठ घालायचे ते फक्त काढून टाकलेल्या पाण्याच्या हिशेबाने.

त्याहून मोठी चूक मेथिलीन ब्लू या निळ्या औषधाची. हे औषध अंड्यांवरच्या बुरशीसाठी उपयोगी आहे, पण ते वेगळ्या भांड्यात वापरायचे असते. मुख्य टाकीत घातले की स्पंजमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात. इथे नेमके तेच झाले. आठव्या दिवशी अमोनिया 1 पीपीएम (लिटरला 1 मिलिग्रॅम), पीएच 7.8, तापमान 28 अंश. या पीएचला आणि तापमानाला एकूण अमोनियातला सुमारे सव्वाचार टक्के भाग विषारी स्वरूपात असतो. पीएच 7 ला हाच वाटा पाऊण टक्क्याहूनही कमी असतो. म्हणून एकाच्या टाकीत 1 पीपीएमवर मासा तगतो आणि दुसऱ्याच्या टाकीत कल्ले भाजतात. पाणी मोजताना अमोनिया आणि पीएच दोन्ही बघावेत. एकट्या आकड्याला अर्थ नाही.

मासा पर मिटून पृष्ठभागाजवळ थांबू लागला, कल्ल्यांची कड लालसर झाली, खाणे निम्म्यावर आले. हे सगळे ‘रोग वाढला’ म्हणून वाचले गेले आणि औषधाचा दुसरा डोस पडला. फायटर पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो, त्यामुळे कल्ले दुखावले तरी तो लगेच मरत नाही. इतर मासे अशा पाण्यात तडफडले असते आणि चूक त्याच दिवशी कळली असती. फायटरमध्ये ती आठवडाभर लपून राहते.

सुधारणा

औषध बंद केले. पहिल्या दिवशी 9 लिटर पाणी बदलले, दुसऱ्या दिवशी पुन्हा 9, त्यानंतर आठ दिवस रोज 5 लिटर. नवे पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून, त्यात अँटीक्लोरीन घालून, टाकीच्या तापमानाच्या एका अंशाच्या आत आणून कपाकपाने सोडले. मीठही असे टप्प्याटप्प्याने उतरले: 3.9 वरून 1.95, मग एकच्या खाली. एका दमात सगळे पाणी बदलले असते तर क्षारांच्या झटक्याने मासा आणखी खचला असता. पाण्यातला औषधाचा निळा रंग ओढून घेण्यासाठी मुठीएवढी सक्रिय कोळशाची पुरचुंडी फिल्टरच्या प्रवाहात पाच दिवस ठेवून मग फेकून दिली. खाद्य दिवसातून एकदा, दोनच गोळ्या.

स्पंज धुतला तो टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाखाली धुतला असता तर उरलेसुरले जिवाणूही क्लोरीनने गेले असते. ओळखीच्या चालू टाकीतल्या स्पंजचा तुकडा मिळाल्याने फिल्टर तीन आठवड्यांत सावरला. तसा तुकडा नसेल तर महिना-सव्वा महिना धरून चालावे आणि तोवर दर दोन दिवसांनी अमोनिया मोजावा. शून्य अमोनिया, शून्य नायट्राइट सलग आठवडाभर दिसले की आठवड्याला 5 लिटर पाणी बदलण्याचा नेहमीचा क्रम पुरतो.

तापमान 26 ते 28 अंशांवर ठेवले. पुण्याच्या हिवाळ्यात हीटर नसेल तर टाकीचे पाणी 20 च्या खाली जाऊ शकते. तेव्हा फायटर फिका आणि सुस्त होतो, आणि तोही रंगबदल म्हणून वाचला जातो. सकाळी-संध्याकाळी थर्मामीटर बघण्याची सवय या एका कारणासाठीही लावून घ्यावी.

मासा बाराव्या दिवशी पुन्हा घरटे बांधू लागला. रंग मात्र आपल्या वाटेने गडद होतच राहिला. औषधाच्या आधी, दरम्यान आणि नंतर पसरण्याचा वेग तोच होता, आणि औषधाचा रंगाशी संबंध नाही याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मागण्याची गरज नाही. दहाव्या महिन्यात डाव्या बाजूला, पाठीच्या पराखाली, निळा उतरून तांबड्याचा एक डाग परत वर आला.

नोंद ठेवण्याची पद्धत

दर पंधरा दिवसांनी दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. टाकीमागे पांढरा कागद लावायचा, दिवा तोच, फ्लॅश बंद, आणि मासा शांत होईपर्यंत दहा मिनिटे थांबायचे. त्याच वेळी समोरून टॉर्च मारून आणखी एक फोटो घ्यायचा, त्यात चमकीचा थर कुठवर आला ते दिसते. वेगवेगळ्या प्रकाशातले फोटो शेजारी ठेवून काढलेले निष्कर्ष हमखास चुकतात, कारण स्फटिकांची चमक कोनागणिक बदलते. हिरवट फायटर एका प्रकाशात हिरवा आणि दुसऱ्यात निळसर दिसतो.

रंग टिकवणारे म्हणून विकले जाणारे खाद्य या माशाच्या उपयोगाचे नव्हते. ॲस्टाझँथिनसारखी द्रव्ये खाद्यातून मिळाली तर तांबडा-पिवळा रंग थोडा गडद होतो, पण झाकलेला तांबडा त्याने वर येत नाही आणि काळा मागे हटत नाही. चांगल्या प्रथिनांच्या तीन-चार गोळ्या दिवसातून दोनदा आणि आठवड्यातून एक उपास, एवढे पुरते.

खरेदी आणि पैदास

ज्यांना घेतला तसाच रंग हवा आहे त्यांनी कोई, निमो, कँडी, गॅलेक्सी घेऊच नये. चार महिन्यांच्या माशाच्या सुंदर फोटोला किंमत देऊ नये. एकरंगी फायटर, तोही सात-आठ महिन्यांचा, आणि शक्य असेल तर आई-बापाचे फोटो पाहून घ्यावा. पोलादी निळा, गडद निळा आणि हिरवट निळा हे तिन्ही एकाच जनुकजोडीचे प्रकार आहेत. पोलादी आणि हिरवट यांची जोडी लावली तर सगळी पिल्ले गडद निळी निघतात. म्हणून निळ्या वाणांत अंदाज बांधता येतो. मार्बल रक्त मिसळले की तो अंदाज कोलमडतो, कारण एकरंगी दिसणारे पिल्लूही पुढे ठिपके दाखवू शकते. या प्रकरणातला नर सातव्या महिन्यात बघणाऱ्याला साधा निळा वाटला असता. तो एकरंगी निळ्या मादीला लावला असता तर ती वंशरेषा पुढच्या अनेक पिढ्या अस्थिर झाली असती. दुकानदाराने कोई विकताना ‘रंग बदलेल’ एवढे तोंडी सांगितले तरी निम्म्या तक्रारी होणार नाहीत आणि निम्मे मासे औषधापासून वाचतील.

यापुढे या माशाचे काय

मार्बल बदल आयुष्यभर चालू राहू शकतो. फायटर साधारण तीन वर्षे जगतो. दोन-अडीच वर्षांनंतर रंग फिका होणे, पाठीला किंचित बाक येणे, परांच्या कडा विरळ होणे ही म्हातारपणाची लक्षणे आहेत आणि तीही औषधाने हटत नाहीत. त्या वेळी पाण्याची उंची 15 सेंटिमीटरवर आणावी, म्हणजे हवेसाठी वर येताना दम लागत नाही. पण पाणी कमी झाले की घाण लवकर साठते, म्हणून आठवड्याऐवजी दर चार दिवसांनी थोडे थोडे बदलावे. पृष्ठभागाखाली दोन बोटांवर अनुबियासचे रुंद पान येईल अशी मांडणी करावी, फिल्टरची हवा कमी करावी आणि गोळ्या पाण्यात पाच मिनिटे भिजवून द्याव्यात.